बाकाबाई भोसले : नागपूरची राणी आणि चांदीवरच्या खुणा

आजचा पाठ इतिहासाचा आहे, पण सुरुवात आपण स्वयंपाकघरातल्या किंवा देवघरातल्या एका वस्तूपासून करूया. तुमच्या घरी आजीच्या काळातली चांदीची वाटी, फुलपात्र, अत्तरदाणी असं काही असेल तर ते हातात घ्या आणि उलटं करून बघा. तळाशी काही कोरलंय का? एखादं अक्षर, एखादं चित्र, एखादा आकडा? बहुतेक वेळा काहीच नसेल. फार तर कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते नाव असेल.

आता हीच वस्तू लंडनमध्ये घडवलेली असती तर तळाशी चार-पाच बारीक ठसे ओळीने दिसले असते. हे ठसे वाचता आले की त्या वस्तूची जन्मकुंडलीच समजते. आणि ठसे नसले की काय होतं, हे समजून घ्यायला आपल्याच नागपूरच्या एका राणीची गोष्ट वाचावी लागते. तिचं नाव बाकाबाई भोसले. काही पुस्तकांत बांकाबाई असंही लिहिलेलं सापडतं, व्यक्ती एकच.

आधी ठसे. इंग्लंडमध्ये चांदीत भेसळ होऊ नये म्हणून 1300 साली कायदा झाला आणि कस तपासलेल्या चांदीवर बिबट्याच्या तोंडाचा ठसा मारायला सुरुवात झाली. 1363 पासून कारागिराला स्वतःची खूणही उमटवावी लागली. 1478 पासून दरवर्षी बदलणारं एक अक्षर आलं. म्हणजे अमुक अक्षर, अमुक वळण, अमुक आकाराची चौकट दिसली की वस्तू कुठल्या वर्षी तपासली गेली ते कळतं. लंडनला वीस अक्षरांची एक फेरी असे, ती संपली की अक्षराची ढब बदलून पुन्हा पहिल्यापासून. 1544 पासून चालणारा सिंह आला. एक पंजा उचललेला हा सिंह म्हणजे हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी. पुढे 1784 ते 1890 या काळात राजाचं किंवा राणीचं मस्तकही असे, ते कर भरल्याची पावती. ही सगळी तपासणी सोनारांच्या संघाच्या सभागृहात, म्हणजे हॉलमध्ये व्हायची, म्हणून नाव पडलं हॉलमार्क. आपण इतवारीत सोनं घ्यायला गेलो की हॉलमार्क आहे का म्हणून विचारतो ना, तो शब्द इतक्या लांबून आलाय!

एक गंमत सांगते. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट असेल तर वस्तू साधारण 1822 च्या आधीची, आणि मुकुट नसेल तर नंतरची. बर्मिंगहॅमचा ठसा नांगराचा, म्हणजे शेतातला नांगर नव्हे हं, जहाजाचा. बर्मिंगहॅमला समुद्र नाही तरी खूण मात्र जहाजाची. आणि जुन्या चमच्यावर ईपीएनएस अशी चार अक्षरं दिसली तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ आत दुसरा धातू आणि वर फक्त चांदीचा मुलामा.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

नागपूरच्या भोसल्यांचं राज्य पहिल्या रघुजींनी उभं केलं हे तुम्ही चौथीपासून ऐकता आहात. बाकाबाई ही त्यांच्यानंतरच्या, दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. दुसऱ्या रघुजींच्या काळात राज्य खूप मोठं होतं. इकडे वऱ्हाड, तिकडे छत्तीसगड, आणि पार पूर्वेला कटकपर्यंत. पण 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध झालं. अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला आणि देवगावच्या तहात कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. नवऱ्याचं राज्य निम्मं झालेलं बाकाबाईंनी वाड्यात बसून पाहिलं.

22 मार्च 1816 ला रघुजी वारले आणि इथून बाकाबाईंच्या खऱ्या परीक्षेला सुरुवात झाली. गादीवर आले परसोजी. ते आजारी आणि अधू होते, राज्य चालवणं त्यांच्याच्याने होण्यासारखं नव्हतं. त्यांच्या वतीने कारभार कोणी पाहायचा यावरून दोन तट पडले. बाकाबाई आणि धर्माजी भोसले एका बाजूला, रघुजींचे पुतणे मुधोजी उर्फ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. आप्पासाहेबांनी धर्माजींना कैद केलं आणि बाकाबाईंचा पक्ष हरला. आप्पासाहेबांनी स्वतःचं आसन पक्कं करायला मे 1816 मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. जी गोष्ट दुसऱ्या रघुजींनी शेवटपर्यंत टाळली, ती ते गेल्यानंतर थोड्याच काळात झाली.

पुढे 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी अंथरुणात मृत सापडले. त्यांचा खून झाल्याचं पुढे उघड झालं आणि आळ आप्पासाहेबांवर आला. तेच मग राजे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आप्पासाहेब इंग्रजांविरुद्ध उठले. 26 आणि 27 नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकडीवर जी लढाई झाली ती आपल्याला माहीतच आहे, टेकडीवरचा किल्ला आपण येता-जाता बघतो. डिसेंबरात नागपूर पडलं. शहरातल्या अरब शिपायांनी मात्र वाडा आणि आसपासचा भाग महिनाअखेरपर्यंत लढवला. आप्पासाहेबांना 1818 मध्ये अटक झाली, वाटेत ते निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधाराने लढत राहिले, आणि शेवटी 1840 मध्ये जोधपूरला वारले. त्यांची गोष्ट फार थरारक आहे, पण ती पुन्हा कधीतरी.

आता गादीवर कोण? रघुजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा, वय जेमतेम दहा. परसोजींच्या विधवा राणी दुर्गाबाई यांनी त्याला दत्तक घेतलं, 26 जून 1818 ला त्याला गादीवर बसवलं आणि नाव ठेवलं रघुजी. इतिहासात ते तिसरे रघुजी. पालक म्हणून नेमल्या गेल्या बाकाबाई. खरा कारभार इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेनकिन्सच्या हातात होता. वाड्याची व्यवस्था, मुलाचं संगोपन, घराण्याचे रीतिरिवाज, सणवार, हे बाकाबाईंकडे.

नुसतं वाड्याचं काम म्हणून आपण हे बाजूला सारतो. पण विचार करा. राज्य परक्याच्या हातात आहे, राजा दहा वर्षांचा आहे, दरबारात कोण कुणाचा माणूस याचा भरवसा नाही. अशा वेळी त्या मुलाला मोठं करायचं, घराण्याची इज्जत सांभाळायची आणि रेसिडेंटशी भांडण न करता आपलं म्हणणं पुढे रेटायचं. हे काम बाकाबाईंनी आठ वर्षं केलं. 1826 च्या तहानंतर तिसरे रघुजी स्वतः कारभार पाहू लागले. त्यानंतरही वाड्यात बाकाबाईंचा शब्द वजनाचा राहिला.

मग 11 डिसेंबर 1853. तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता, आणि जिवंतपणी त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणे आणि मराठ्यांच्या रिवाजाप्रमाणे विधवा राणीला दत्तक घेता येतो. स्वतः तिसरे रघुजी असेच तर गादीवर आले होते, आणि तेव्हा इंग्रजांनी ते मान्यही केलं होतं! बाकाबाईंनी आणि राण्यांनी नात्यातल्या यशवंतराव अहिरराव या तरुणाची निवड केली. त्यानेच राजांचे अंत्यविधी केले. दत्तक नाव जानोजी.

पण कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. त्याने दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये नागपूर खालसा केलं. आपल्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. त्यामागे कापूस होता हे लक्षात ठेवा. नागपूर-वऱ्हाडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, आणि डलहौसीने हे आपल्या टिपणात लपवलेलं नाही. सगळे इंग्रज या मताचे होते असंही नाही. नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याला राज्य असं सरसकट बुडवणं पटलं नव्हतं. डलहौसीच्या मंडळातल्या कर्नल लो यांनी तर खालसा करण्याला लेखी विरोध केला. उपयोग झाला नाही.

राज्य गेलं. आता वाड्यातल्या वस्तू.

डलहौसीचं म्हणणं असं की राजाच्या खजिन्यातलं जडजवाहीर ही त्याची खासगी मालमत्ता नव्हे, ती राज्याची मालमत्ता. राज्य आमचं, म्हणून वस्तूही आमच्या. विकून जे पैसे येतील त्यातून भोसले घराण्याच्या निर्वाहासाठी निधी करू. ऐकायला बरं वाटतं. पण घरातल्या बाईच्या जागी उभं राहून बघा. सासूने दिलेले दागिने, लग्नातली चांदीची ताटं, देवाची उपकरणी, नवऱ्याच्या हत्तीची अंबारी. यातलं राज्याचं किती आणि घरचं किती, हे कोण ठरवणार? ठरवलं कंपनी सरकारने.

1854 मध्ये हत्ती, घोडे, उंट आणि बैल असा शेकडो जनावरांचा लिलाव सीताबर्डीला झाला. किमती कवडीमोल आल्या. शहरातले लोक आपल्या राजाचे हत्ती दुसऱ्याने नेताना बघत उभे होते. मग वाड्यातलं सामान हलवायची वेळ आली. बाकाबाई तेव्हा सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी निरोप पाठवला की सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. इंग्रज इतिहासकारांनीच हे नोंदवून ठेवलंय. एका म्हातारीच्या हातात दुसरं काय होतं? फौज नव्हती, खजिना नव्हता, कायदा तिच्या बाजूने बोलत नव्हता. उरलं होतं ते घर, आणि ते जाळायची धमकी.

सामान हललंच. जवाहीर कलकत्त्याला गेलं. 1855 मध्ये कलकत्त्याच्या हॅमिल्टन आणि कंपनी या पेढीमार्फत नागपूरच्या राजघराण्याच्या जवाहिरांचा जाहीर लिलाव झाला. वर्तमानपत्रात त्याची जाहिरात आली होती.

ही हॅमिल्टन कंपनी कोण? तर रॉबर्ट हॅमिल्टन नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात काढलेली सोन्याचांदीची पेढी. साहेब लोकांना लागणारी चहादाणी, मेणबत्तीचे स्टँड, बक्षिसाचे करंडक हे सगळं त्यांच्याकडे मिळायचं. आजही जुन्या चांदीचे शौकीन हॅमिल्टनची वस्तू शोधतात. ती ओळखायची कशी? हिंदुस्थानात तेव्हा लंडनसारखी सरकारी कस-तपासणी नव्हती. म्हणून बिबट्या नाही, सिंहही नाही. पेढीने स्वतःच्याच खुणा केल्या. एच अँड को अशी अक्षरं किंवा पूर्ण नाव, सोबत एखादं सुटं अक्षर, आणि बऱ्याच वस्तूंवर बारीकसा हत्ती. लांबून इंग्रजी हॉलमार्कसारखंच दिसतं. सवय नसलेला माणूस फसतो. पण हत्ती दिसला की समजायचं, माल लंडनचा नाही, कलकत्त्याचा. आणि शुद्धतेची हमी सरकारची नाही, दुकानदाराची.

माझ्या वर्गात हा भाग शिकवला की मुलं हमखास विचारतात की मॅडम, मग भोसल्यांचे ते दागिने आता कुठे आहेत? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि उत्तर तळाशी नसलेल्या ठशांत आहे. आपल्याकडे सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस बघायचा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या सोनारावर, त्याच्या घराण्यावर. तीन पिढ्या एकाच सोनाराकडे जाणारी घरं अजूनही इतवारीत आहेत. वस्तूवर ठसा मारायची गरज कुणाला वाटली नाही, कारण वस्तू घरातून बाहेर जाणार हेच कुणाच्या मनात नव्हतं. चांदी आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जायची. ओळख सांगायला माणसं होती.

पण लिलावात माणसं सोबत जात नाहीत. हार सुटा करून मोती वेगळे विकता येतात, ताट वितळवून चांदीची लगड करता येते. लंडनचा एखादा साधा चमचा अडीचशे वर्षांनी सुद्धा सांगतो की मी अमुक गावात, अमुक साली, अमुक कारागिराच्या दुकानात तयार झालो. राजघराण्याची बिनठशाची वस्तू मात्र एकदा हातातून हातात गेली की मुकी होते. ती नागपूरची होती हे तिच्याकडे बघून कोण ओळखणार?

तुलनेसाठी एक उदाहरण देते. 2025 मध्ये लंडनला पहिल्या रघुजींची एक तलवार लिलावात निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती विकत घेऊन परत आणली. ती रघुजींचीच हे कशावरून? पात्यावर देवनागरीत त्यांचं नाव आणि सेनासाहेबसुभा ही पदवी कोरलेली आहे म्हणून. पातं युरोपात घडलेलं आहे, मूठ इकडची. नाव कोरलं नसतं तर ती एक जुनी तलवार म्हणून कुणाच्याही दिवाणखान्यात लटकली असती. बघा, चार अक्षरांनी केवढा फरक पडतो.

बाकाबाईंकडे परत येऊ. राज्य परत मिळावं म्हणून भोसल्यांनी वकील कलकत्त्याला आणि पुढे विलायतेलाही पाठवले. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. आणि तेवढ्यात 1857 उजाडलं.

इथे बाकाबाईंच्या आयुष्यातला सर्वांत वादाचा भाग येतो, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. जून महिन्यात नागपुरातही उठावाची तयारी होती. टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने 13 जूनच्या रात्री उठायचं, शहरातून आगीचे फुगे आकाशात सोडून इशारा द्यायचा, असं ठरलं होतं. बातमी फुटली, बेत फसला आणि काहींना फाशी झाली. बाकाबाईंनी या उठावाला साथ दिली नाही. उलट आपले नातेवाईक आणि घराण्याला मानणारे लोक शांत राहतील अशी काळजी घेतली. त्यांच्या एका शब्दावर शहर आणि आसपासचा मुलूख पेटला असता हे इंग्रजही कबूल करतात.

मग त्या कच खाल्लेल्या म्हणायच्या का? काही लोक तसं म्हणतात, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्यांनी घर लुटलं त्यांनाच वाचवलं, याचं दुःख होणारच. पण मी बाकाबाईंचं आख्खं आयुष्य ओळीने मांडून बघते तेव्हा मला वेगळं दिसतं. त्यांनी 1803 पाहिलं होतं. 1817 मध्ये सीताबर्डीनंतर शहराचे काय हाल झाले ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. आप्पासाहेब रानोमाळ फिरताना त्यांनी ऐकलं होतं. पदरात जानोजी होता, त्याचा दत्तक मंजूर व्हायचा होता. त्यांनी हिशेब केला. तो हिशेब चूक की बरोबर यावर वर्गात जरूर वाद घाला. झाशीच्या राणीशी तुलना करायची असेल तर तीही करा, फक्त एक लक्षात ठेवा की लक्ष्मीबाई तेव्हा ऐन तरुण होत्या आणि बाकाबाईंच्या पाठीशी चाळीस वर्षांचे पराभव होते.

1858 मध्ये बाकाबाई वारल्या. त्यांच्या मागे इंग्रज सरकारने जानोजींचं दत्तकत्व घराण्यापुरतं मानलं. राज्य दिलं नाही. सातारा जिल्ह्यातलं देऊर हे गाव आणि राजाबहादूर ही पदवी दिली. म्हणजे बाकाबाईंच्या हिशेबाचा एक भाग जमला आणि मोठा भाग जमला नाही.

पालकांसाठी थोडं आजचं. आपल्या देशात सोन्यासाठी हॉलमार्क 2000 साली सुरू झाला, चांदीसाठी 2005 मध्ये. सोन्याच्या दागिन्यांना तो 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्याला सहा अक्षर-आकड्यांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला. दुकानात भिंग मागा, क्रमांक बघा, मोबाईलवर तपासा. लाजायचं कारण नाही. आणि घरातल्या जुन्या चांदीवर ठसा नसेल तर एक वही करा. वस्तूचा फोटो, वजन, कुणाकडून आली, कुठल्या सोनाराने घडवली, हे आजीला विचारून लिहून काढा. मुलांना हा प्रकल्प म्हणून द्यायला छान आहे. परिसर अभ्यास, भाषा आणि गणितातलं वजन-माप तिन्ही त्यात येतं. आजी आहे तोवरच विचारा.

आणि महालात जाल तेव्हा नगारखान्याच्या दरवाजाखाली क्षणभर थांबा. भोसल्यांचा जुना वाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा होता. जो वाडा पेटवून देईन असं बाकाबाई म्हणाल्या होत्या, तो 1864 मध्ये, त्या गेल्यानंतर सहा वर्षांनी, खरोखरच आगीत जळाला. नगारखाना तेवढा उरला.